हृदयगतीचे झोन चुकले की श्रमांचा आकडाही चुकतो

रंकाळ्याच्या काठाने पहाटे धावणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनगटावर आता घड्याळ असते, आणि धावणे संपवून बटण दाबले की अंतर व पेस यांच्याबरोबर आणखी एक आकडा पडद्यावर येतो. स्ट्राव्हा हे ॲप त्याला रिलेटिव्ह एफर्ट म्हणते, पोलरची घड्याळे कार्डिओ लोड म्हणतात, गार्मिनची ट्रेनिंग लोड म्हणतात. आजच्या धावण्याने शरीरावर किती ताण पडला हे एका संख्येत सांगण्याचा या सर्वांचा प्रयत्न असतो, आणि आपण धावपटू त्या संख्येवर इतका भरवसा ठेवतो की उद्या विश्रांती घ्यायची की पन्हाळ्याचा चढ गाठायचा, हेही तिच्यावरूनच ठरवतो. मला या लेखात मांडायचे आहे ते एवढेच की ही संख्या घड्याळ मोजत नाही. घड्याळ मोजते ते हृदयाचे ठोके. संख्या त्या ठोक्यांवरून हिशेबाने काढली जाते, आणि त्या हिशेबाचा पाया म्हणजे सेटिंगमध्ये भरलेली कमाल हृदयगती, विश्रांतीच्या वेळची हृदयगती आणि झोनच्या, म्हणजे हृदयगतीच्या टप्प्यांच्या, सीमा. हा पाया कोणा सरासरी माणसाचा असेल, तर त्यावर उभी राहिलेली संख्याही त्या सरासरी माणसाचीच असते.

व्यायामाचा ताण केवळ वेळेवरून ठरत नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. तासभर गप्पा मारत धावणे आणि तासभर शर्यतीच्या वेगाने धावणे यांतला फरक पाय लगेच सांगतात. तो फरक आकड्यात कसा आणायचा, हा प्रश्न होता. कॅनडातील एरिक बॅनिस्टर यांनी १९७० च्या दशकापासून त्यावर काम केले आणि ट्रिम्प या नावाने ओळखली जाणारी पद्धत रूढ झाली. तिच्यात व्यायामाची मिनिटे घेतात, विश्रांतीच्या गतीपासून कमाल गतीपर्यंतच्या अंतरात हृदय किती वर चढले होते त्याचे प्रमाण घेतात, आणि त्या प्रमाणाला असा भार देतात की तीव्रता थोडी वाढली तरी आकडा बराच वाढावा, कारण जोर वाढत जातो तसे रक्तातील लॅक्टेटही (श्रम करताना स्नायूंत तयार होणारा पदार्थ) सरळ रेषेत न वाढता झपाट्याने चढत जाते. पुरुष आणि स्त्रिया यांच्यासाठी हा भार वेगळा आहे. पुढे १९९० च्या दशकात सॅली एडवर्ड्स यांनी हाच विचार कागद-पेन्सिलीने करता येईल इतका सोपा केला: कमाल हृदयगतीच्या ५० ते ६० टक्क्यांत गेलेल्या प्रत्येक मिनिटाला १ गुण, ६० ते ७० टक्क्यांत २, ७० ते ८० टक्क्यांत ३, ८० ते ९० टक्क्यांत ४ आणि ९० च्या वर ५. आजच्या ॲपमधील गणिते यापेक्षा गुंतागुंतीची आहेत, परंतु त्यांपैकी अनेकांचा गाभा हाच आहे.

आता हा गाभा सेटिंगवर किती अवलंबून असतो ते एका खऱ्या उदाहरणाने पाहू. आमच्यासोबत धावणारे एक निवृत्त शिक्षक आहेत, वय ६१. एका सकाळी ते माझ्या शेजारून तासभर एका लयीत धावले आणि सबंध वेळ उसाच्या दराबद्दल बोलत होते. वाक्य अर्ध्यात तुटले नाही, मध्ये दम घेण्यासाठी थांबावे लागले नाही. धावणे संपल्यावर त्यांनी मनगट माझ्यापुढे धरले. हृदयगती जवळजवळ सर्व वेळ १३६ च्या आसपास होती, आणि तिच्याखाली केशरी पट्टी होती: चौथा झोन, एक तास. "घड्याळ म्हणतंय मी जीव तोडून पळालोय," ते म्हणाले, "आता उद्या पळू का नको?" मी म्हटले, "सर, आधी सेटिंग बघू या, मग सांगतो."

सेटिंगमध्ये कमाल हृदयगती १५९ होती, म्हणजे २२० वजा वय. घड्याळ नवीन घेताना जन्मतारीख भरली, की अनेक घड्याळे हाच हिशेब करून मोकळी होतात. या १५९ च्या हिशेबाने १३६ ठोके म्हणजे ८५ टक्क्यांहून थोडे अधिक, म्हणून चौथा झोन, आणि एडवर्ड्स यांच्या पद्धतीने ६० मिनिटे गुणिले ४ म्हणजे २४० गुण. सरांनी नंतर डॉक्टरांकडून रीतसर तपासणी करून घेतली, त्यांची परवानगी मिळाल्यावर छातीचा पट्टा बांधून चढावर जोराच्या फेऱ्या मारल्या, आणि त्यांची गती १७४ पर्यंत गेलेली दिसली. १७४ धरले तर तेच १३६ ठोके ७८ टक्के होतात, म्हणजे तिसरा झोन आणि १८० गुण. पहाटे अंथरुणातून उठण्यापूर्वी मोजलेली त्यांची हृदयगती ५४ आहे. तीही हिशेबात घेऊन टक्केवारी ५४ ते १७४ या १२० ठोक्यांच्या पल्ल्यावर काढली, तर १३६ ठोके येतात ६८ टक्क्यांवर. दुसरा झोन, १२० गुण.

एकच माणूस, एकच तास, एकच हृदय, आणि आकडे २४०, १८० व १२०. पहिला आकडा शेवटच्याच्या नेमका दुप्पट आहे. बॅनिस्टर यांचे सूत्र वापरले तरी सुटका नाही: विश्रांतीची गती ५४ ठेवून कमाल १५९ धरल्यास सुमारे १३४ येतात आणि १७४ धरल्यास सुमारे ९७. उसाच्या दरावर तासभर अखंड बोलू शकणारा माणूस कोणत्या झोनमध्ये असतो, हे मात्र कोणत्याही सूत्राशिवाय सांगता येते, आणि तिसरा हिशेब त्याच्याशी जुळतो.

२२० वजा वय या सूत्राबद्दल थोडे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण ते इतके सर्वत्र आहे की जणू शरीराचा नियमच वाटावा. १९७१ च्या सुमारास फॉक्स आणि हॅस्केल यांनी तोवर प्रसिद्ध झालेल्या आकड्यांवरून ओढलेली ती एक ढोबळ रेघ होती. जिमच्या भिंतीवरील तक्त्यांत ती जाऊन बसली आणि तिथून घड्याळांत आली. २००१ मध्ये तानाका व सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०८ वजा वयाच्या ०.७ पट असे सुधारित सूत्र मांडले, आणि २०१० मध्ये मार्था गुलाटी व सहकाऱ्यांनी स्त्रियांसाठी २०६ वजा वयाच्या ०.८८ पट असे वेगळे सूत्र दिले. ४५ वर्षांच्या स्त्रीला जुने सूत्र १७५ सांगते आणि गुलाटींचे सुमारे १६६. परंतु ही सर्व सूत्रे गटाची सरासरी सांगतात. एकाच वयाच्या माणसांची कमाल हृदयगती सरासरीच्या वर किंवा खाली १० ते १२ ठोके सहज असते, काहींची त्याहूनही दूर असते, आणि तिचा तंदुरुस्तीशी फारसा संबंध नसतो. सरांसाठी तानाकांचे सूत्रही १६५ च सांगते. तेही त्यांच्या खऱ्या आकड्यापेक्षा ९ ठोक्यांनी कमी आहे. सुधारित सूत्र निवडल्याने सरासरी सुधारते, आपले सेटिंग सुधारेलच असे नाही.

मग आपला आकडा कसा शोधावा? ज्यांचे वय ४० च्या पुढे आहे, ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाची काही तक्रार आहे, किंवा घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमाल जोराची चाचणी करू नये, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. जे रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्या घेतात, त्यांची हृदयगती गोळीमुळेच खाली राहते. त्यांच्यासाठी कोणतेही वयाचे सूत्र आणि त्यावरचा कोणताही स्कोअर निरर्थक आहे, त्यांनी श्वासावर आणि बोलण्यावर चालावे. बाकीच्यांसाठी कोल्हापूरच्या आसपास चढांना तोटा नाही. वाघबीळपासून पन्हाळ्याकडे जाणारा रस्ता किंवा जोतिबाचा डोंगर यांसारख्या ठिकाणी, चांगले अंग तापवून, दोन ते तीन मिनिटांच्या काही जोरकस चढाया कराव्यात, प्रत्येक वेळी सावकाश उतरावे, आणि शेवटच्या चढाईत उरलेला सगळा जीव ओतावा; त्यात जी सर्वांत वरची गती दिसेल ती आपल्या कमाल गतीच्या पुष्कळ जवळची असते. मनापासून धावलेल्या १० किलोमीटरच्या शर्यतीचा शेवटचा टप्पाही हेच काम करतो.

ज्यांना शर्यतीसाठी नेमकेपणा हवा आहे, त्यांच्यासाठी त्याहून चांगला आधार म्हणजे लॅक्टेट थ्रेशोल्डच्या, म्हणजे रक्तातील लॅक्टेट झपाट्याने चढू लागते त्या पातळीच्या, वेळची हृदयगती. अमेरिकन प्रशिक्षक जो फ्रील यांनी तिच्यासाठी सुचवलेली चाचणी प्रसिद्ध आहे: एकट्याने, सपाट मार्गावर, शर्यत समजून ३० मिनिटे धावायचे, पहिली १० मिनिटे संपताच घड्याळाचे लॅपचे बटण दाबायचे आणि शेवटच्या २० मिनिटांची सरासरी हृदयगती घ्यायची. रंकाळ्यावर फिरणाऱ्यांच्या गर्दीत ही चाचणी नीट होत नाही, त्यासाठी मोकळे मैदानच बरे. या पद्धतीचा फायदा असा की ती हृदयाची छत किती उंच आहे यापेक्षा आपण किती वेळ कुठे तग धरू शकतो हे सांगते, आणि दोन धावपटूंची कमाल गती सारखी असूनही थ्रेशोल्ड वेगळा असू शकतो.

विश्रांतीच्या हृदयगतीचा मुद्दा १९५७ मध्ये फिनलंडच्या कार्वोनेन यांच्या संशोधनातून पुढे आला आणि कमाल व विश्रांती यांतील अंतरावर, म्हणजे हार्ट रेट रिझर्व्हवर, टक्केवारी काढण्याची रीत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ॲपल वॉच आपले झोन याच पद्धतीने स्वतः काढते. गार्मिनमध्ये कमाल गतीची टक्केवारी, रिझर्व्हची टक्केवारी आणि थ्रेशोल्डची टक्केवारी यांतून निवड करता येते. माझे मत स्पष्ट आहे: ज्यांची विश्रांतीची गती ६० च्या बरीच खाली आहे, अशा नियमित धावणाऱ्यांनी कमाल गतीची साधी टक्केवारी वापरू नये. ती त्यांच्या सावकाश धावण्याला सतत एक झोन वर ढकलत राहते.

इथेच आमच्या गटात नेहमी होणारा एक घोटाळा उलगडतो. "झोन टू मध्ये धावा" हे आता प्रत्येकजण प्रत्येकाला सांगतो, पण कोणाच्या झोन टू मध्ये? सरांचाच झोन टू घ्या. वयाच्या सूत्रावर तो साधारण ९५ ते १११ येतो, आणि त्या गतीत राहायचे तर त्यांना धावता येत नाही, भरभर चालावे लागते. खऱ्या कमाल गतीच्या टक्केवारीवर तो १०४ ते १२२ येतो. रिझर्व्हवर १२६ ते १३८. हे पट्टे इतके वर सरकत गेले आहेत की पहिल्याचा शेवट तिसऱ्याच्या सुरुवातीलाही पोचत नाही. एखादा नवा धावपटू पहिल्या पट्ट्यात राहण्यासाठी महिनोन्महिने चालत राहतो आणि मग आपल्याला धावणे जमत नाही असे समजून सोडून देतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. दोष त्याच्या हृदयाचा नसतो, जन्मतारखेवरून काढलेल्या रेषेचा असतो.

सीमेचा आणखी एक परिणाम कमी लक्षात येतो. मिनिटांना झोननुसार गुण देणाऱ्या पद्धतीत सीमा ओलांडताच गुण एकदम वाढतात. सरांची रिझर्व्हवरची दुसऱ्या झोनची वरची सीमा १३८ आहे. तासभर १३६ वर धावले तर १२० गुण, आणि तासभर १३९ वर धावले तर १८०. तीन ठोक्यांसाठी दीडपट. बॅनिस्टर यांच्या सूत्रात हाच फरक ९७ वरून १०६ इतकाच आहे, कारण तिथे पायऱ्या नाहीत. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात सकाळी सात वाजता ऊन चढू लागले की तोच पेस राखूनही हृदयगती हळूहळू वर सरकते, पावसाळ्यातील दमट हवेत घाम वाळत नाही तेव्हाही तसेच होते, आणि शरीरातील पाणी कमी होत गेले की लाँग रनच्या उत्तरार्धात ही सरक आणखी वाढते. हा ताण खराच असतो, त्यामुळे आकडा थोडा वाढणे योग्यच. पण ज्याची सीमा नेमकी त्याच्या रोजच्या गतीवर पडली आहे, त्याच्या आलेखात हवामानाच्या जराशा फरकाने डोंगर-दऱ्या दिसू लागतात. आपली रोजची सावकाश गती झोनच्या मधोमध पडते की कडेला, हे एकदा पाहून ठेवावे.

गार्मिनच्या ट्रेनिंग लोडची गोष्ट थोडी निराळी आहे. तो व्यायामानंतर शरीर जो जादा प्राणवायू घेते त्याच्या अंदाजावर उभा असतो, झोनच्या मिनिटांवर नाही; म्हणून तिथे झोनच्या रेषा मागेपुढे केल्याने लोड बदलत नाही, पण कमाल हृदयगती बदलली की बदलतो. उलट स्ट्राव्हाचा रिलेटिव्ह एफर्ट झोनमध्ये घालवलेल्या वेळेवर चालतो आणि ते झोन स्ट्राव्हाच्या स्वतःच्या सेटिंगमधून घेतले जातात. घड्याळात सगळे नीट भरूनही स्ट्राव्हात ज्यांचे जुनेच झोन पडून राहिले आहेत असे अनेक खेळाडू मला दिसतात. दोन्हीकडे जाऊन स्वतंत्रपणे पाहावे लागते.

ठोकेच चुकीचे मोजले गेले तर पुढचे सगळे व्यर्थ. मनगटावरील प्रकाशाचा सेन्सर थंडीत किंवा पट्टा सैल असताना कधी कधी हृदयाऐवजी पावलांची लय पकडतो. धावताना मिनिटाला १६० ते १८० पावले पडणे सर्वसाधारण असल्याने तो आकडा हृदयगतीसारखाच दिसतो आणि संशय येत नाही. धावायला सुरुवात करून मिनिटभरही झाले नसताना गती १७२ वर जाऊन तिथेच सरळ रेषेत बसली असेल, तर ती पावले समजावीत. यातून दुहेरी नुकसान होते. त्या दिवसाचा आकडा फुगतो हे एक, आणि कमाल हृदयगती आपोआप ओळखण्याची सोय चालू असेल तर घड्याळ तो खोटा उंचवटा नवी कमाल गती म्हणून धरते, सर्व झोन वर सरकतात, आणि त्यानंतरच्या प्रत्येक धावण्याचा आकडा नकळत कमी येऊ लागतो. ही सोय छातीचा पट्टा वापरत असाल तरच चालू ठेवावी, नाहीतर बंद करून आपला आकडा हाताने भरावा.

सगळे सेटिंग बिनचूक असले तरी हा आकडा काय पाहू शकत नाही, हेही माहीत असायला हवे. पन्हाळ्यावरून खाली धावत येताना हृदय निवांत असते आणि मांड्यांचे स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतात. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट उतरलेल्यांना दुसऱ्या दिवशी जिना उतरताना हे नव्याने सांगावे लागत नाही. त्या उतारावर स्कोअर जवळजवळ वाढतच नाही. दोनशे मीटरच्या वेगवान इंटरव्हलमध्ये हृदय वर पोचेपर्यंत धाव संपलेली असते, तिथेही तो कमीच पडतो. अशा दिवसांसाठी अमेरिकेतील कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेली साधी रीत मला जास्त विश्वासाची वाटते: व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासाने, एकूण किती कठीण गेले ते ० ते १० मध्ये सांगायचे आणि त्याला मिनिटांनी गुणायचे. आमच्या कोल्हापूरच्या तालमींत वस्ताद पठ्ठ्याचा चेहरा आणि श्वास पाहून आज जोर किती आणि लढत किती हे ठरवत आले आहेत, आणि फॉस्टर यांची रीत त्याच जाणिवेला कागदावर आणते. मी दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहितो. हृदयगतीचा आकडा मोठा आणि जाणिवेचा लहान असे वारंवार होऊ लागले, तर माझी पहिली शंका सेटिंगवर जाते. जाणिवेचा मोठा आणि हृदयगतीचा लहान असेल, तर उतार, झोप किंवा आजारपण यांचा विचार करतो.

दोन धावपटूंनी एकमेकांचे स्कोअर ताडून पाहण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. दोघांच्या सीमा वेगवेगळ्या रीतीने ठरल्या असतील तर तुलना होऊच शकत नाही.

सेटिंग दुरुस्त केल्यावर एक अडचण उरते, ती जुन्या आकड्यांची. तंदुरुस्तीचा आलेख दाखवणाऱ्या अनेक ॲपमध्ये दीर्घकालीन भार, म्हणजे तंदुरुस्ती, ४२ दिवसांच्या आणि अलीकडचा थकवा ७ दिवसांच्या भारित सरासरीवर काढतात. सरांप्रमाणे २४० चे १२० झाले, तर पहिल्या आठवड्यातच थकवा एकदम उतरलेला आणि तंदुरुस्ती घसरू लागलेली दिसते, आणि ॲप व्यायाम वाढवण्याचा सल्ला देऊ लागते. तो सल्ला त्या काळात मुळीच मानू नये, कारण जुन्या मापाचे आकडे आणि नव्या मापाचे आकडे एकाच सरासरीत मिसळलेले असतात. बदलाची तारीख डायरीत लिहावी, पुढचे सहा आठवडे ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणेच धावावे आणि आलेखाकडे त्यानंतरच पाहावे. विश्रांतीची हृदयगती दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरावी, थ्रेशोल्डची चाचणी हंगामातून एकदा-दोनदा करावी. कमाल गती मात्र छातीच्या पट्ट्यावर त्याहून वरचा आकडा खरोखर दिसेपर्यंत, किंवा वयानुसार ती उतरल्याची खात्री होईपर्यंत, बदलू नये.